दोघांचं आवतन

पोळ्याच्या दिवशी रेस ठेवली म्हणून मी भाईदासभाऊंना फोनवरच फैलावर घेतलं होतं. भाईदासभाऊ धुळ्याचे. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यती आमच्या भागात तेच भरवतात. ते शांतपणे म्हणाले, "दिपमालाताई, रविवार आहे, मैदान मिळालंय. आणि तुमच्याकडे आता बैल तरी कुठे आहेत?" खरं तेच बोलले. तरी माझं डोकं फिरलं आणि मी फोन कट केला.

बैल नव्हतेच. हरण्या आणि बांड्या चैत्रात गेले. गिऱ्हाईक मीच आणलं होतं. हरण्या गरीब, पण बांड्याचं डोकं कधी फिरेल नेम नव्हता, आणि आबांचा गुडघा पार गेलेला. एकदा बांड्याने त्यांना कासऱ्यासकट बांधापर्यंत फरफटत नेलं, तेव्हा मी म्हटलं, पुरे. नांगरायला ट्रॅक्टर सांगू. मी नरडाण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, घर माझ्या पगारावर चालतं, मग एक निर्णय मी घेतला तर काय बिघडलं? मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण बैल दारातून गेले त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलले नाहीत. एक शब्द नाही. काही सांगायचं असलं तर मायला सांगायचे, "तुनी पोरले सांग." आणि पोर समोरच उभी असायची.

ट्रकही त्याच सुमारास घरात आला. आमच्या कंपनीतले एक साहेब बदली होऊन गेले, जाताना आपला खेळ मला देऊन गेले. हातभर लांब, दिसायला पिकअप, चार चाकांना चार शॉक, आत मोटर आणि बॅटरी. खेळणं म्हणाल तर खेळणं, पण फिटर बाईच्या हातात पडलं की ते खेळणं राहत नाही. गोठा रिकामाच होता, तिथे मी गव्हाणीवर फळी टाकून माझं सामान मांडलं. आबांनी ट्रककडे एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. दोन बैल गेले आणि हे आलं, असं त्यांना वाटलं असणार. मला ते कळत होतं, म्हणूनच मला जिंकायचं होतं. कप आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला की काहीतरी बोलावंच लागेल. शिवी दिली तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

श्रावणभर मी ट्रकच्या मागे लागले. धुळ्याचं मैदान मुरमाचं, वरून सैल आणि खालून टणक, मध्ये मातीचे उंचवटे. आधीच्या रेसला ट्रक उडी मारून नाकावर आपटायचा, म्हणून पुढच्या शॉकमध्ये जाड तेल भरलं. वळणावर कलंडायचा, म्हणून खाली बसवला. बॉडीला मागून भोकं पाडली, नाहीतर उडीत वारा भरतो आणि ती छत्रीसारखी फुगते. हे सगळं करताना मला मोठ्याने बोलायची सवय. माय सूप घेऊन शेजारी बसायची, तांदूळ निवडत हं हं करायची. आबा गोठ्याच्या दारात बाज टाकून, आमच्याकडे पाठ करून पडलेले असायचे.

"हाई काय शे वं?" एकदा मायने क्लचकडे बोट करून विचारलं.

मी तिला समजावलं. ट्रक उडी मारून खाली आला की चाकांचा सगळा झटका गिअरला बसतो, दात उडतात. तो झटका ही चकती खाते. घसरायची तेवढी थोडी घसरते, पण ओझं सोडत नाही. "जू कसं खांद्यावर बसतं, माय? तसा ह्याचा बठ्ठा भार ह्या चकतीवर. हा त्याचा खांदाच समज."

बाजेवरचं पांघरूण हललं. आबांनी कूस बदलली असेल, असं वाटलं. मी पुढे बोलत राहिले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी क्लच शेवटचा जुळवला आणि वरचं झाकण उघडंच ठेवलं, सकाळी एकदा बघून लावू म्हणून. गल्लीत घरोघरी बैल धुऊन आणले होते, घुंगरं वाजत होती.  मी जेवून सरळ झोपले. सकाळी उठले तर लाईट नाही. गोठ्यात अंधार. चाचपडत झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, ट्रक पिशवीत घातला. मायने पुरण शिजत टाकलं होतं. "सणना दिन कोठे चालनी?" एवढंच म्हणाली. आबा बाजेवर उठून बसले होते. बघत मात्र रस्त्याकडे होते. मी स्कूटीला किक मारली.

धुळ्याला देवपूरच्या पुढच्या माळावर चांगली गर्दी होती. जळगाव, भुसावळहून पोरं आली होती. माझ्या टेबलाशेजारी ललितचं टेबल. ललित धुळ्याजवळच्याच एका खेड्यातला, मागच्या दोन्ही रेस त्याने जिंकलेल्या. आज भलताच गोड बोलत होता. "ताई, चहा घेऊन या, मी बघतो तुमच्या गाडीकडे." मी गेलेही. सकाळच्या फेरीत माझा ट्रक असा पळाला की मीच बघत राहिले. उडी घेतली की चारही चाकांवर टेकायचा, वळणावर जमीन धरून निघायचा. सगळ्यांत पुढे. भाईदासभाऊ स्वतः येऊन म्हणाले, "ताई, आज कप नरडाण्याला."

फायनलला मी पहिल्या रांगेत होते. शिट्टी झाली आणि ट्रक सुटला. दोन फेऱ्या मी पुढे, ललित बराच मागे. कप आबांच्या बाजेसमोर कसा ठेवायचा, हे माझ्या मनात सुरू झालं होतं. तिसऱ्या फेरीत मोठ्या उंचवट्यावर चढताना मोटर एकदम किंचाळली. आवाज वाढला आणि ट्रक मंदावला. मी ट्रिगर पूर्ण ओढला. मोटर नुसती बोंबलत होती, चाकं फिरायची विसरली होती. चढाच्या मध्यावर ट्रक थांबला आणि उलटा घरंगळत खाली आला. त्याच्या बाजूने ललितची गाडी गेली, मग बाकीच्या सगळ्या गेल्या. रिमोट हातात धरून मी ट्रिगर ओढतच उभी होते. काल संध्याकाळी मी स्वतः जुळवलेला क्लच असा जाऊच शकत नाही, हे एकच डोक्यात फिरत होतं.

रेस संपताच मी धावले. ट्रक उचलला तर झाकणाच्या फटीतून काहीतरी ओघळत होतं. बोट लावलं, तेलकट. मग मला काही दिसेनासं झालं. ट्रक घेऊन मी थेट ललितसमोर गेले.

"काय टाकलंस?"

"काय?"

"चहाला पाठवलंस मला. गोड बोलून पाठवलंस. क्लचमध्ये तेल टाकलंस ना?"

ललित पांढरा पडला. "ताई, हातही लावला नाही मी. आईची शपथ."

"शपथा घालू नकोस. चोराच्या मनात चांदणं. म्हणूनच सकाळपासून ताई ताई चाललं होतं तुझं."

माणसं जमली. भाईदासभाऊ मध्ये पडले. त्यांनी नियम सांगितला, की गाडी सगळ्यांसमोर उघडायची. कोणी काही केलंय असं दिसलं तर तो माणूस बाद आणि फायनल पुन्हा. "आणि नाही दिसलं तर, ताई, तुम्ही त्याची माफी मागायची." मी म्हटलं, उघडा. मला तेव्हा पुरती खात्री होती.

टेबलावर ट्रक ठेवला. स्क्रू मीच काढले. झाकण उचललं आणि वास आला. इंजिन ऑइलचा नव्हता, शॉकच्या तेलाचा नव्हता. कढवलेल्या तुपाचा होता. सकाळी थिजलेलं तूप फायनलच्या तापाने वितळून चकतीभोवती सगळीकडे पिवळं पातळ पसरलं होतं, आणि वरच्या कडेला, जिथे गरम झालं नव्हतं, तिथे हळद कालवलेल्या तुपाचा जाड थर तसाच होता. त्यावर बोटांचे ठसे होते. तीन बोटं, एकसारखी फिरवलेली.

तिथे निम्मी पोरं शेतकऱ्यांची. काय बघतोय ते कोणाला सांगावं लागलं नाही. शेवटी ललितच हळू म्हणाला, "ताई, हे तर काल आम्ही आमच्या बैलांना लावलं. खांदेमळणी आहे ही."

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं बोलावणं सांगायचं, आज आवतन ल्या, सकाय जेवाले या. आमच्या घरी ते काम आबांचं. हरण्याला आधी, बांड्याला नंतर. आणि ह्या ट्रकचा खांदा कुठे आहे, हे मी आख्ख्या जगात एकट्या मायला सांगितलं होतं. तेही बाजेकडे कोणी ऐकत नाही असं समजून.

म्हणजे ते ऐकत होते. शॉकचं तेल, बॉडीची भोकं, मुरूम, उड्या, श्रावणभर मी जे जे बडबडले ते पाठ करून पडलेल्या माणसाने शब्दन् शब्द ऐकलं होतं. मी मात्र त्या पाठीला भिंत समजून बोलत होते.  भाईदासभाऊंनी खुर्ची पुढे केली, मी बसले.

"ताई, तक्रारीचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ." मग मी ललितकडे वळले. असं तोंडात मारल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. "चुकलं माझं. फार वाईट बोलले."

ललितने मान हलवली. मग म्हणाला, "आबांना सांगा, पुढच्या वेळी माझ्याही ट्रकला लावा."

"मग तूही शेवटचा येशील."

"येईन की," तो म्हणाला. कप आता त्याचाच होता, पण त्याचंही लक्ष त्या चकतीकडेच होतं.

क्लच तिथे पुसायला मला अर्धा डबा स्पिरिट मिळत होतं. मी पुसला नाही. झाकण तसंच लावलं आणि निघाले. रस्त्यात प्रत्येक गावाला मिरवणुका, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. स्कूटी हळू चालवावी लागली. घरी गेल्यावर आबांना सांगायचं काय, ह्याचाच विचार करत होते. सांगितलं, तर ज्या हाताने त्यांनी लावलं तो हात ते पुन्हा कशाला लावणार नाहीत. आणि नाही सांगितलं, तर काय सांगायचं?

घरी पोहोचले तर आबा बाजेवर नव्हते. गोठ्यात होते, गुडघा धरून उभे. गोठा शेणाने सारवलेला, माझी फळी बाजूला ठेवलेली. गव्हाणीपुढे दोन ताटं मांडली होती, पुरणाची पोळी, कढी, भजी. जिथे हरण्या बांधायचे तिथे एक आणि बांड्याच्या खुंट्याशी एक. मला वाटलं, गेलेल्या बैलांच्या नावाने ठेवलीत.  मी पिशवी खाली ठेवली आणि मायला हाक मारायला वळले.

"जितना का?"

मी परत वळले. माय तिथे नव्हती. गोठ्यात आम्ही दोघंच होतो. म्हणजे ते मलाच विचारत होते. चैत्रापासून मी ह्या आवाजाची वाट बघत होते.

"नही, आबा."

"काबर?"

त्यांच्या नखांत हळद होती. मी नखांकडेच बघत म्हटलं, "चढवर दम नही पुरना."

आबांनी पिशवीतून ट्रक बाहेर काढला. दोन्ही हातांनी, वासराला उचलतात तसा. उलटसुलट करून पाहिला. "खांदा सोलायना का त्याना?"

"नही."

"कसा सोलाई? मी लायेल व्हतं ना तठे." असं म्हणून ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "बठ्ठा भार तठेच पडस. तूच सांगेल व्हतं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. "हा आबा," मी म्हटलं, "म्हनीसनच नही सोलायना."

ते समाधानाने मान हलवत राहिले. मग ट्रक नेऊन हरण्याच्या ताटासमोर ठेवला, चाक सरळ केलं. मी तशीच उभी होते. दुसरं ताट बांड्याच्या खुंट्याशी होतं. बांड्या, ज्याचं डोकं कधी फिरेल नेम नव्हता.

"उभी काय राहिनी?" आबा म्हणाले. "आवतन दोन्हीसले देयेल व्हतं. बस, जेवाले."

मी बांड्याच्या जागेवर जाऊन बसले.