दोन बोटींचा कौल

जे घर बांधावरून फुटलं नाही ते कशानंच फुटत नाही, असं इनामगावचे सोपानराव अभिमानानं सांगत. परवा देवळात त्यांचं डोकं फुटलं, ते बोटीवरून.

आईला पंच्याहत्तरीनिमित्त समुद्राची सफर घडवायची, एवढं दोघा भावांचं ठरलं होतं. आईचे गुडघे बघता सोपानरावांना लहान, जुनी बोट हवी होती. धाकट्या गोकुळला मोठी, नवी. शेवटी देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर जुनी, डावं पडलं तर नवी.

डावं पडलं.

"फुंकर मारलीस तू!"

"शिंक आली, आप्पा. देवानं बघितलंय."

"म्याबी बघितलंय," म्हणत सोपानरावांनी समई उचलली आन् गोकुळचे पुढचे दात पाडले. गोकुळनं त्यांच्या टाळक्यात नारळ घातला. नारळ शाबूत राहिला. मग रक्तानं निसरड्या झालेल्या फरशीवर दोघं एकमेकांचा गळा आवळत लोळले, ते गुरवानं बादलीभर पाणी ओतेपर्यंत.

दौंडच्या दवाखान्यात टाके पडत असताना आई धुरपदाबाई आल्या. "आता तूच सांग, कंची बोट?" सोपानरावांनी विचारलं.

धुरपदाबाईंना घोडनदीच्या होडीतसुद्धा उलटी होते.