माझं घट्ट झाकण

मी काचेची एक जुनी पेटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भारी भित्री आहे. चेंडू, झाडू, पाहुण्यांचं कोपर, मला सगळ्याचीच धास्ती. पण माझी खरी गाळण उडवली ती माझ्याच झाकणाने.

मला घडवणारा कारागीर जन्मभर माशांच्या पेट्या जोडत आला. पेटी गळली की त्याला नाक कापल्यासारखं व्हायचं. त्याने माझे सांधे इतके चोख चिकटवले की अकरा वर्षांत थेंबही बाहेर आला नाही. लोक कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचे. पुढे मासे गेले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले.

मग एक दिवस त्याच्या लेकीने बोटभर लांबीचे दोन सरडे पाळायला आणले. मला खाली काढून तिने घासूनपुसून लख्ख केलं, आत वाळू पसरली, वाकडी फांदी ठेवली. उबेसाठी वर दिवा टांगला. झाकण जाळीचं हवं, असं तिने बापाला बजावलं होतं. पण जाळी म्हणजे नुसती भोकं, आणि त्याची हयात भोकं बुजवण्यात गेलेली. त्याने अखंड काच बसवली, खाणं टाकायला कोपऱ्यात घट्ट दार केलं आणि सवयीने उरलेल्या फटीही बुजवून टाकल्या.

लेक शाळेत गेली. दिवा चालूच होता. बघता बघता माझ्या भिंती तापल्या. मोठा सरडा वेड्यासारखा वाळू उकरू लागला. धाकटा माझ्या काचेला पोट लावून, तोंड वासून धापा टाकू लागला. त्याचं इवलंसं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं. माझी तर बोबडीच वळली. तशी मला वाचा कुठे आहे म्हणा. कारागिराने कामातून एकदा वळून पाहिलं. जांभया देतायत, असं स्वतःशीच म्हणून तो पुन्हा काच कापू लागला. तडकून जावं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण मला जोडलंच इतकं पक्कं होतं की तेही जमेना.

लेक आली आणि दारातच थबकली.

"बाबा, आत हात घाला."

"अगं, कुठेही फट नाही राहिलेली."

"आधी हात घाला."

त्याने कोपऱ्यातल्या दारातून हात घातला आणि चटकन मागे घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पातं घेऊन त्याने झाकण उचकटलं. मोठा सरडा उसळून फांदीवर चढला. धाकट्याला कारागिराने उचललं, पण तो तळहातावर निपचित पडून राहिला. बापलेक श्वास रोखून बघत होते, आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते. बऱ्याच वेळाने धाकट्याचा गळा हलला.

"मला फक्त पाणी अडवायचं ठाऊक," कारागीर म्हणाला.

"मी सांगितलं होतं, बाबा."

दुपारीच त्याने जाळीचं झाकण बसवलं, दिवा एका टोकाला सरकवला आणि दुसऱ्या टोकाला सावलीसाठी झाडाची साल ठेवली.

मित्रांनो, मुक्या जिवाला घर देण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा, आणि कुणी सांगितलं तर ऐका. माझं म्हणाल, तर अजूनही दिवा लागला की मी धाकट्याच्या गळ्याकडे बघत बसते. तो हलला की मगच माझ्या जिवात जीव येतो.