गाडी न लागलेला दिवस

सरोजिनीबाई कर्णिकांना गाडी लागायची. लागायची म्हणजे थोडंथोडकं नव्हे. एसटी सुरू व्हायच्या आधी नुसता डिझेलचा वास आला तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणी कसलं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रेल्वेत त्यांना काही होत नसे. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून तर त्या सगळं बडोदं हिंडल्या होत्या. पण चार चाकं आणि वर छप्पर असलं की संपलंच. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं, गोळ्याही झाल्या. गोळी घेतली की त्या झोपायच्या, आणि जाग आली की राहिलेलं काम उरकायच्या.

यातली खरी पंचाईत अशी की बाई भूगोल शिकवायच्या. रावपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत त्यांची सारी नोकरी झाली. रंगीत खडूंनी फळ्यावर पावागड काढावा तो त्यांनीच. खाली काळ्या बेसाल्टचे थर, एकावर एक थापलेले, आणि सगळ्यात वर फिकट रायोलाइट दगडाचा उभा कडा. "हा डोंगर म्हणजे थिजलेली आग आहे," असं त्या म्हणाल्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. पण दरवर्षी पावागडची सहल निघाली की बाई फाटकाशी उभ्या राहून बसला हात करायच्या आणि रिकाम्या वर्गात परत यायच्या. स्वतः त्यांनी पावागड पाहिला होता तो कारेलीबागेतल्या आपल्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असेल त्या सकाळी. पूर्वेला क्षितिजावर एक निळा उंचवटा, तेवढाच.

त्या फाटकातला हात लक्षात ठेवणाऱ्या मुलांपैकी एक अवनी शिर्के. शाळेत असताना सायकलची चेन काढून परत बसवायची तिला भारी हौस. पुढे ती इंजिनियर झाली, आणि आता मकरपुऱ्यात तिचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. गाड्यांचं वेड तेवढं तसंच राहिलं होतं. मागच्या वर्षी शाळेच्या मेळाव्यानंतर ती मोठ्या प्रेमानं बाईंना आपल्या जर्मन स्पोर्ट्स सेडानमधून घरी सोडायला निघाली. गाडी दिसायला देखणी, पण अंगानं ताठ. रस्त्यातला खडा न् खडा सांगणारी. बहुचराजी रोडलाच बाईंनी खूण केली, अवनीनं गाडी बाजूला घेतली, आणि उरलेलं अंतर बाई रुमाल तोंडाला लावून पायी चालत गेल्या. तेव्हापासून अवनीच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

म्हणून या हिवाळ्यात तिनं फोन केला तेव्हा बाई सावध झाल्या.

"बाई, ती गाडी गेली. त्याच गाडीचं नवं मॉडेल आलंय. खालपासून वरपर्यंत सगळं नवीन केलंय त्यांनी. बुधवारी कारखान्याला सुट्टी. पावागडला जाऊ."

"अगं, तुझ्या नव्या गाडीची आसनं खराब करू का मी? नको बाई."

"झाली तर मी धुवीन. कातडं धुता येतं. तुम्ही हो म्हणा."

बाईंनी फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. सुभाषराव रिफायनरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "मी मागे बसतो. पिशव्या माझ्याकडे."

बुधवारी सकाळी गाडी सोसायटीत आली ती आवाजच न करता. बॅटरीवर आली होती, पेट्रोलचं इंजिन बंदच. वॉचमनला ती कळली तेव्हा ती त्याच्या खुर्चीपाशी उभी होती. रंग गडद, पहाट व्हायच्या आधीच्या आभाळासारखा. लांब, बुटकी, आणि मागचे खांदे असे भरलेले की एखादं जनावर उडीच्या आधी दबा धरून बसावं. गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. खालच्या मजल्यावरच्या इंदिराबाई चहाचा कप हातात घेऊन थेट बाहेरच आल्या.

"बेसो बेसो, बाई," अवनीनं पुढचं दार उघडलं.

आणि दार उघडताच गाडी उठली. खरंच उठली! चांगली दोन-तीन बोटं वर आली, एखादा शहाणा उंट सवारीसाठी खाली बसतो तशी, फक्त उलट्या दिशेनं. सरोजिनीबाई एक पाऊल मागे सरल्या.

"हे काय गं?"

"तुम्हाला वाकायला नको म्हणून. प्रत्येक चाकापाशी एक पंप आहे, बाई. तेल दाबून तो त्या कोपऱ्याला वर उचलतो, खाली खेचतो. एका सेकंदात कितीतरी वेळा. आता बघा."

बाई बसल्या. आसनानं त्यांना दोन्ही बाजूंनी अलगद धरलं. समोर त्यांच्यापुरता वेगळा एक पडदा उजळला, त्यावर आकडे आणि रेघा नाचायला लागल्या. "एवढं बंद कर," बाई म्हणाल्या. "वाचलं की मला आधी होतं." अवनीनं तो विझवला. दार मिटलं, गाडी हळूच खाली बसली, आणि बाहेरचं जग एकदम लांब गेलं. इंदिराबाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द ऐकू येईना. मागे सुभाषरावांनी पंचा मांडीवर पसरला, लिंबू काढलं आणि पिशव्यांची तोंडं उघडून ठेवली.

पहिला गतिरोधक सोसायटीच्या कोपऱ्यावर. सरोजिनीबाईंनी सवयीनं मूठ आवळली, दात दाबले. चाकं चढली, उतरली. चाकं चढल्याचं त्यांना दिसलं. पण आपण चढलो असं काही वाटलं नाही. गतिरोधक जणू गाडीच्या खालून दुसऱ्याच कुणासाठी निघून गेला.

"झाला?"

"झाला की."

अमितनगरच्या सर्कलला त्यांनी मूठ सोडली. पण डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी जाते. हलोलच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या आतल्या आत पोटाकडे कान लावून बसल्या होत्या. पोट गप्प होतं.

टोलनाका ओलांडल्यावर अवनीनं गाडी क्षणभर थांबवली. पुढचा रस्ता सरळ आणि मोकळा होता.

"बाई, पाटीवर लिहिलंय त्या वेगाच्या वर मी जाणार नाही. पण तिथपर्यंत पोचायला हिला किती वेळ लागतो, ते दाखवू?"

"मला काही झालं तर?"

"डोळे उघडे ठेवा. लांब बघा."

सरोजिनीबाईंनी डोळे उघडले. अवनीनं पाय दाबला.

इतका वेळ झोपलेलं इंजिन पुढच्या बाजूला कुठेतरी जागं झालं. तो आवाज कानाला नाही, बरगड्यांना कळला. खोल, भरीव, मोठ्या मंदिरातल्या नगाऱ्यासारखा. त्याच घडीला एक प्रचंड तळहात पाठीमागून आला आणि बाईंना उचलून पुढे घेऊन गेला. धक्का नाही, हिसका नाही, नुसतं पुढे, पुढे. दोन्हीकडची तुरीची शेतं एकमेकांत वितळली. आणि एवढ्या ओढीतही गाडीनं नाक वर केलं नाही. ती जमिनीला समांतर, पाण्याच्या थाळीसारखी सपाट. दीर्घ श्वास घ्यावा एवढ्यात वेग पाटीवरच्या आकड्याला पोचला, अवनीनं पाय सैल केला, आणि पुन्हा शांत झालं.

आपण हसतोय हे सरोजिनीबाईंना उशिरा कळलं. मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारख्या हसत होत्या त्या.

"अहो!" त्या मागे वळून म्हणाल्या. गाडीत मागे वळायचं धाडस त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "अहो, पाहिलंत का?"

सुभाषराव दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसले होते. "पाहिलं," ते म्हणाले. "लिंबू कुठे गेलं ते मात्र दिसलं नाही."

जरोद मागे पडलं आणि समोर डोंगर मोठा व्हायला लागला. गच्चीवरून दिसणारा निळा उंचवटा आधी करडा झाला, मग त्याला घड्या पडल्या, मग त्या घड्यांमध्ये झाडं दिसायला लागली. सरोजिनीबाई बोलायच्या थांबल्या. हलोल गेलं, चांपानेरच्या जुन्या तटाच्या भिंती आल्या, आणि रस्ता माचीकडे चढायला लागला.

खरी परीक्षा इथेच होती. वळणं एकामागून एक. पहिल्या वळणाला बाईंनी श्वास रोखला. दरवेळी काय होतं हे त्यांना पाठ होतं. अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, पोट मागे राहतं, डोकं तिसरीकडेच जातं. गाडी वळली, आणि बाहेर कलण्याऐवजी आत झुकली. सायकलवाला वळणावर झुकतो तशी, ऐटीत. बाईंचं अंग, पोट आणि डोकं तिन्ही एकाच जागी राहिली.

"मागची चाकंसुद्धा वळतात," अवनी म्हणाली. "म्हणून एवढी लांब गाडी अशी कुशीत वळते."

चौथ्या की पाचव्या वळणावर एक प्रवासी जीप दुसऱ्या गाडीला मागे टाकत थेट त्यांच्या बाजूनं खाली आली. सरोजिनीबाईंना जीपच्या टपावरची पोती दिसली, ड्रायव्हरचं उघडं तोंड दिसलं. अवनीनं ब्रेक दाबला आणि चाक डावीकडे घेतलं. पट्ट्यानं बाईंना घट्ट आवळलं. गाडी जमिनीत रुतल्यासारखी जागच्या जागी थांबली, नाक खाली न घालता, शेपूट न हलवता, रस्त्याकडेच्या दगडापासून हातभर अलीकडे. जीप आरशाला घासेल न घासेल अशी निघून गेली.

अवनीची बोटं चाकावर पांढरी पडली होती.

"लागलं का कुणाला?" तिनं विचारलं.

"नाही," सुभाषराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पोरी, ही दुसरी कुठली गाडी असती तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

सरोजिनीबाईंनी अवनीच्या हातावर हात ठेवला. सगळं घडताना आपण डोळे मिटले नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि मग त्यांनी डावीकडे पाहिलं.

काचेपलीकडे डोंगर कापून काढलेली भिंत उभी होती. काळा थर, त्यावर तांबूस पट्टी, त्यावर पुन्हा काळा. एकावर एक. आणि मान मागे टाकून पाहावं तर वर, उन्हात, फिकट रंगाचा उभा कडा.

"अवनी, पुढे जागा मिळाली की थांब गं जरा."

रस्ता रुंद झाला तिथे अवनीनं गाडी कडेला घेतली. बाई उतरल्या. पाय लटपटत नव्हते, तोंड कडू नव्हतं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि दोन्ही तळवे दगडावर टेकवले. उन्हानं दगड कोमट झाला होता. इतकी वर्षं खडूनं काढलेला थर हा असा खरखरीत असतो, त्यात अशी बारीक भोकं असतात, हे त्यांना हाताला कळत होतं. एका थरावर दुसरा येण्याआधी किती काळ गेला असेल, आणि एवढं सगळं वितळून वाहताना केवढा उजेड पडला असेल! डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

थोड्या वेळानं त्या गाडीकडे वळल्या. तापलेल्या ब्रेकची टिकटिक ऐकू येत होती. मागच्या चाकाच्या कमानीत त्यांनी वाकून पाहिलं. आत काळोख आणि धातू.

"कुणीतरी लांबच्या देशात बसून माझ्यासारखीचा विचार केला असेल, नाही?"

अवनी खरं बोलणारी मुलगी. "नाही, बाई. त्यांनी हे वळणावर टायर जमिनीला चिकटून राहावेत म्हणून केलंय. वेगासाठी. तुमचं पोट त्यांच्या गावीही नसेल."

सरोजिनीबाई मनापासून हसल्या. "असू दे. फुकटात मिळालं मला."

माचीला त्यांनी चहा प्यायला, भजी खाल्ली. सरोजिनीबाईंनी दोन प्लेटी खाल्ल्या, प्रवासात पहिल्यांदाच. उतरताना त्या प्रत्येक वळणाला "हे बघ, इथे थर कसा खचलाय" म्हणत होत्या, आणि अवनी गाडी हळू करत होती. सुभाषराव मागे झोपून गेले होते.

डोंगर उतरल्यावर रस्ता फुटला. डावीकडे हलोल आणि बडोदं. अवनीनं इंडिकेटर दिला.

"उजवीकडचा कुठे जातो, सांगू?" बाई म्हणाल्या. "शिवराजपूर. मँगनीजच्या खाणी होत्या तिथे. पुढे जांबुघोड्याचं जंगल. परीक्षेत नकाशात भरायला मी दरवर्षी हा प्रश्न घालायची."

अवनीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाई समोर पाहत होत्या.

"जाऊ या?"

"वेळ आहे तुला?"

इंडिकेटर बंद झाला आणि दुसऱ्या बाजूचा लागला. मागून झोपेतल्या आवाजात सुभाषरावांनी विचारलं, "घर आलं का?"

"नाही हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपा." रस्ता टेकड्यांमध्ये शिरला. सागाची झाडं जवळ आली. बाईंनी काच थोडी खाली केली, मातीचा रंग नीट दिसावा म्हणून.