शेक

राइस कुकरचं बटण टक् करून वर आलं आणि अनघा दचकली. यिशुन या सिंगापुरी उपनगरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. तिच्या लेकीची, जाईची शाळा दुपारची; ती जमिनीवर चित्र रंगवत होती. अनघा फोन घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती.

डेन्व्हरला तिच्या भावाच्या, शिरीषच्या घरी वीज गेली होती. मार्च अर्धा सरलेला, झाडांना कोंब फुटलेले, आणि अचानक बर्फाचं वादळ. वाऱ्यानं तारा तुटल्या, हीटर बंद पडला. ऑफिसातून निघालेला शिरीष हायवेवर अडकला आणि आता कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये बसून होता. घरी त्याची बाळंतीण बायको साधना, तान्हं बाळ, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून गेलेली आई.

एकदाचा फोन लागला. बॅटरी संपत आलीय, पण थंडीची काळजी नको, असं आई खुशीत सांगू लागली. गॅरेजमध्ये बार्बेक्यूचे कोळसे सापडले, ते लोखंडी कढईत पेटवून खोलीत ठेवलेत, बाळाला छान शेक मिळतोय. जाईच्या वेळी इथे यिशुनलाही तिनं असाच शेक दिला होता. धूर झाला म्हणून शेजारच्या मिसेस टॅन भांडायला आल्या होत्या, ते आठवून ती हसली.

तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"आई, खिडकी उघडी आहे ना?"

"खुळी का काय तू? फटींत टॉवेल कोंबलेत मी. बाहेर वारा नुसता पिसाळलाय."

"साधना कुठंय?"

"झोपलीय. डोकं जड झालंय म्हणाली."

अनघाच्या येरझारा थांबल्या. कोळशाचा तो वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो, असं ती सांगत राहिली. दुसऱ्या हातानं लॅपटॉपवरून शिरीषला कळवलं. फायर ब्रिगेडला फोन केलाय, पण रस्ते बंद आहेत, असं त्याचं उत्तर आलं.

आई मात्र दुखावली. तुम्हा दोघांना काय गूगलवर वाचून वाढवलं का, म्हणाली.

"आई, मग भांड माझ्याशी हवं तेवढं. आधी खिडकी उघड. साधनाला उठव."



"बाळंतिणीला वारं लागलं तर तुझ्या डोक्यावर," आई म्हणाली आणि तिनं फोन कुठंतरी टेकवला. पावलं वाजली. काहीतरी जड सरकलं. मग वाऱ्याचा घोंघाट एकदम फोनमध्ये शिरला, आणि त्यातून आईच्या हाका. "साधना. अगं साधना." तिसरी हाक अर्धीच ऐकू आली. फोन बंद पडला.

अनघा पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिली. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं. ऊन भाजत होतं.

जाई जवळ येऊन तिला टेकून उभी राहिली.

"मम्मा, आजी सो लाउड लाह," शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढंगात ती म्हणाली. "मामी उठली?"