चित्रकलेच्या वर्गातला नळ

स्टुलावर चढून त्याने दोरीचं टोक खिळ्याला गुंडाळलं, ओढून पाहिलं आणि उतरण्याआधी बायकोकडे बघितलं. ती वर्गाच्या पलीकडच्या भिंतीपाशी मान तिरकी करून उभी होती.

"अजून थोडी वर घ्या," ती म्हणाली. "नाहीतर उद्या पालकांच्या डोक्यांना चित्रं घासतील. केस असलेल्यांचं ठीक आहे, तुमच्यासारख्यांनी काय करायचं?"

त्याने दोरी वर घेतली. शिक्षण मंत्रालयातला उपसचिव शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून शाळेच्या स्टुलावर चढला आहे, हे त्याच्या कार्यालयात कोणाला खरं वाटलं नसतं. तो रजा घेणाऱ्यातला नव्हताच. आजारी पडायचं तर सुट्टीचा दिवस बघून पडतात, असं बायको पाहुण्यांना सांगायची आणि तो ते कौतुक समजून ऐकून घ्यायचा. आज सकाळी त्याने "दुपारी येऊ का मदतीला?" असं विचारलं, तेव्हा ती डबा भरता भरता थांबली होती. मग "या की," एवढंच म्हणाली.

उद्या तिच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. ते दर वर्षी असायचं. मुलं तिला रंगबाई म्हणायची, कारण तिच्या बाहीला कुठला ना कुठला रंग कायम लागलेला असे. या शाळेत तिची उभी हयात गेली आणि तो मात्र या वर्गात आज पहिल्यांदा पाऊल ठेवत होता. आला तेव्हा त्याला जिना कुठे आहे तेही विचारावं लागलं.

वर्ग वरच्या मजल्यावर होता. लांबोडका, दोन्ही बाजूंना खिडक्या, बाकांवर रंगांचे इतके डाग की मूळ लाकूड कुठलं ते कळू नये. कोपऱ्यात मात्र एक कोरं करकरीत पांढरं बेसिन होतं आणि त्यावर चकचकीत नळ. बाकीच्या वर्गाशी त्याचं काही जमत नव्हतं. लग्नाच्या जेवणावळीत चुकून भलत्याच पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखं ते दिसत होतं.

या नळासाठी तिने वर्षानुवर्षं अर्ज केले होते. मुलं खालच्या मजल्यावरून तांब्या-बादल्यांनी पाणी आणायची, जिन्यात सांडायची, एखादा घसरून पडायचा. दर वर्षी तिच्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता लागायच्या. ती घरी येऊन ते हसत सांगायची आणि तो वर्तमानपत्र उलटत "होईल, होईल" म्हणायचा. शाळा ज्या खात्याच्या हाताखाली, त्याच खात्यात तो होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण बायकोच्या कामासाठी फोन करायचा नाही, हे त्याने स्वतःशी पक्कं केलेलं होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

गेल्या महिन्यात त्याने तो फोन केला. पंधरा दिवसांत नळ आला.

"ही चित्रं या ओळीत," ती गठ्ठा पुढे करत म्हणाली. "आणि हे सांभाळून धरा, ओलं आहे. या बाईसाहेब रंग लावत नाहीत, ओततात."

सातवीतल्या कुठल्याशा मुलीचं चित्र होतं. कागदभर निळं पाणी आणि अगदी खालच्या कोपऱ्यात एक माणूस, पाठमोरा. त्याने ते दोन बोटांनी धरून चिमट्यांत अडकवलं. तरी बोटांना निळा रंग लागलाच.

आज सांगायचंच, असं ठरवून तो आला होता. सोमवारी सगळ्या शाळांना परिपत्रक जाणार होतं. त्यानंतर सांगण्याला काही अर्थ उरणार नव्हता. तिने ते इतर शिक्षकांच्या बरोबरीने, सूचनाफलकासमोर उभं राहून वाचावं, हे सारखं त्याच्या डोळ्यांसमोर येई.

देशातल्या शाळांचा आठवडा त्याच्या टेबलावर आखला जाई. कुठल्या विषयाला किती तास, हे एकदा ठरलं की लहानसहान गावातल्या शाळेतली घंटासुद्धा त्याप्रमाणे वाजायची. मंत्र्यांनी सभागृहात शब्द देऊन टाकला होता की नव्या वर्षापासून संगणक हा स्वतंत्र विषय असेल. शब्द देताना आठवड्याला तास किती असतात, हे मंत्र्यांना विचारावं लागत नाही. ते नंतर खालच्यांनी बघायचं. नवे तास आणायचे तर कोणाचे तरी काढायला हवे होते, म्हणून बैठक बोलावली गेली. गणिताच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. भाषांच्या मागे संघटना होत्या. खेळासाठी तर दुसऱ्या मंत्रालयाचा एक माणूस सकाळपासून खुर्ची अडवून बसला होता. चित्रकलेकडून कोणीच आलं नव्हतं. म्हणजे चित्रकलेचा नवरा तेवढा हजर होता, पण ते तिथे कोणालाही ठाऊक नव्हतं. ऑफिसात त्याने बायकोविषयी इतकंच सांगितलेलं होतं की ती एका शाळेत असते.

मग सचिवबाईंनी चष्मा काढला होता आणि टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं होतं. त्या दिवसाची आठवण आली की तो इथवर यायचा आणि मन दुसरीकडे वळवायचा.

चित्रकला 'शाळेच्या सोयीनुसार' झाली. मसुदा त्यानेच लिहिला, आणि स्वच्छ लिहिला. सोयीनुसार म्हणजे काय, ते शाळेतल्या शिपायालाही कळतं. निवृत्त होतील त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं आणि जे होते त्यांना ग्रंथालयात, कार्यालयात, कोणी गैरहजर असेल त्याच्या वर्गावर असं कुठे ना कुठे सामावून घेतलं जाणार होतं.

दार वाजलं. मुख्याध्यापक आत आले. माणूस हसतमुख, पण कुठल्याही अधिकाऱ्यासमोर उभं राहिलं की हात आपोआप पाठीमागे जात.

"अरे वा, साहेब स्वतः आलेत. चहा सांगू?"

"नको, नको. घरचंच काम आहे."

"नळ बघितलात ना? पाण्याला जोरही चांगला आहे." आणि त्यांनी हळूच एक डोळा बारीक केला.

फोनचं कुठे बोलू नका, असं त्याने त्यांना दोनदा बजावलं होतं. ते बोलले नाहीतच. पण डोळा बारीक करायला काय लागतं? त्याने चटकन बायकोकडे पाहिलं. ती चिमटे मोजत होती, किंवा मोजल्यासारखं करत होती.

मुख्याध्यापक गेले. तिने बेसिनापाशी जाऊन नळ सोडला आणि ब्रश धुवायला घेतले. एकेक ब्रश तळव्यावर गोल फिरवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग झटकून फडक्यावर आडवा ठेवायचा. तो स्टुलापाशीच उभा राहिला. चार पावलं चालून जायचं आणि बोलायचं, एवढंच होतं.

"प्रदर्शन छान होईल," तो म्हणाला.

"हं."

"मुलांचा हात चांगला आहे."

"अहो," ती पाठमोरीच म्हणाली, "सोमवारी तुमचं प्रेमपत्र येतंय ना?"

मंत्रालयाच्या परिपत्रकाला ती प्रेमपत्र म्हणायची. लग्नानंतर दोघांनी एक पथ्य पाळलं होतं, ऑफिस घरात आणायचं नाही. त्यामुळे त्याच्या टेबलावरचं सगळं तिला शाळेच्या फलकावरच कळायचं. मग संध्याकाळी चहा देताना ती म्हणायची, आज तुमचं प्रेमपत्र आलं बरं का, भाषा जरा कोरडी वाटली. त्यावर दोघं हसायचे.

आज तो हसला नाही. "तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी?"

"हा नळ आला ना, त्या दिवशी कळलं मला." तिने एक ब्रश झटकला. "इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी एक फोन केला नाहीत. मला त्याचा राग नव्हता, उलट बरंच वाटायचं, माझा नवरा असल्या भानगडीत पडत नाही म्हणून. आणि अचानक एका सकाळी नळवाला दारात. म्हटलं, काहीतरी मोठं जातंय हातातून. त्याशिवाय हे एवढं उदार व्हायचे नाहीत. मग संगणकाचं वर्तमानपत्रात वाचलं. तास कुठून आणणार, तेवढा हिशेब मलाही येतो."

महिनाभर त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि महिनाभर ती रोज चहा घेऊन समोर बसत होती. कप रिकामा झाला तरी उठत नव्हती, हे त्याला आता आठवलं. त्याला वाटलं होतं, थकते हल्ली.

"मी तुला सांगणार होतो."

"माहीत आहे. म्हणून तर आज अर्धी रजा." ती थोडीशी हसली. "सकाळी डबा भरताना वाटलं, आता इथेच सांगतील. मग म्हटलं, नको, स्वयंपाकघरात नको. वर्गात येऊ देत."

"तुला वाईट वाटलं असेल."

"वाटणार नाही तर काय होईल?" ती साधेपणाने म्हणाली. "रडले मी एकदा. तुम्ही दौऱ्यावर होतात तेव्हा. नंतर बसून विचार केला. वरून ठरून आलेलं असणार. तिथे मोठमोठी माणसं बसलेली, तुम्ही बिचारे काय करणार होतात? तुम्हाला कोण विचारतंय?"

ती हे समजुतीने म्हणाली. त्याच्यासाठी तिने एक सोपी वाट काढून ठेवली होती आणि त्याने फक्त मान हलवून त्या वाटेने चालायला लागायचं होतं. ती तेवढ्यावर खूश झाली असती. घरी जाताना दोघांनी भाजीही घेतली असती. त्याने मान हलवायला सुरुवातही केली होती.

"विचारलं होतं," तो म्हणाला.

तिने पुढचा ब्रश उचलला. "काय?"

"मला विचारलं होतं. म्हणजे, सगळ्यांनाच. सचिवबाई म्हणाल्या, चित्रकला काढण्याआधी शिकवणाऱ्या कोणाशी तरी बोलायला हवं. तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत आहे का चित्रकला शिक्षक? बोलावून घेऊ, ऐकून घेऊ, मग ठरवू." त्याने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिलं. "मी गप्प बसलो."

पाणी नुसतंच वाहत राहिलं. तिचा हात त्याखाली तसाच होता.

"मला वाटलं, लोक म्हणतील, बायकोच्या नोकरीसाठी बोलतोय."

"म्हणाले असते," ती म्हणाली.

खाली मैदानात कोणीतरी एकटंच चेंडू भिंतीवर आपटत होतं.

"किती वेळ थांबल्या त्या?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुमच्या बाई. विचारल्यावर. लगेच पुढे गेल्या की थांबल्या?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "थांबल्या," तो म्हणाला. "ग्लासातलं पाणी प्यायल्या. परत एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग पुढच्या विषयाकडे गेल्या."

तिने नळ बंद केला. फडक्याला हात पुसले, नेहमीपेक्षा सावकाश, एकेक बोट.

"मी आले असते हो," ती म्हणाली. "काही उपयोग झाला नसता, तरी आले असते. इस्त्रीची साडी नेसून आले असते. मुलांची चित्रं घेऊन."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला तो जास्त लागला. ती दोरीपाशी गेली, त्याने अडकवलेलं निळं चित्र किंचित वाकडं होतं, ते तिने सरळ केलं. मग पिशवी खांद्याला लावली.

"मी होते पुढे. खिडक्या लावून घ्या. आणि हात धुवा, रंग लागलाय तुमच्या बोटांना."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेलेली त्याने ऐकली. दोघं कुठेही निघाले तरी दर वेळी ती त्याच्यासाठी दारात थांबायची. तो थोडा वेळ कान देऊन उभा राहिला, पण पावलं कुठे थांबली नाहीत.

त्याने खिडक्या लावल्या. मग बेसिनापाशी येऊन उभा राहिला. नळ चकचकीत होता, त्यात त्याचा चेहरा लांबट दिसत होता. ओल्या फडक्यावर ब्रश ओळीने मांडून ठेवलेले होते. त्याने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. खिशातून रुमाल काढून तो निळी बोटं कोरडीच पुसत राहिला.