पडद्यावर काय चाललंय

कल्पना करा, तुम्ही पलंगावर टाचा उंचावून उभे आहात आणि दोन्ही हातांनी तुमच्याहून रुंद पुठ्ठा भिंतीशी धरून ठेवला आहे. हात भरून आलेत, नाकाला खाज सुटलीय, आणि मागून कुणीतरी म्हणतंय, "अजून जरा वर. आता डावीकडे." हलायची सोय नाही. त्या सकाळी मुंगीची नेमकी हीच गत झाली होती.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. पुठ्ठा बाबांनी फ्रिजचं खोकं कापून केला होता, नव्या टीव्हीच्या मापाचा. खोली आजीआजोबांच्या झोपायची. समोरच्या भिंतीवर मोठा सपाट टीव्ही, कोपऱ्यांत स्पीकर, टेकून बसायला जाड उशा, असं अख्खं थिएटर बाबांच्या डोक्यात केव्हाच उभं राहिलं होतं. एवढा मोठा आणलात तर कपाटाचं दार उघडायचं नाही, असं आईनं दारातूनच बजावलं. बाबा म्हणाले, कपाट हलवू.

कारणही तसंच होतं. आजीच्या नजरेच्या मधोमध धुकं साचत चाललं होतं. कडेचं दिसे, मधलं पुसट. डॉक्टरांनी औषधं दिली आणि फार आशा ठेवू नका असंही सांगून ठेवलं. तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपुढे आजोबा तिच्या कानाशी बसत आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगत.

आता आजोबांनी जन्मभर लोकांची घरं रंगवलेली. त्यांचं लक्ष माणसांआधी भिंतींवर जायचं.

"बाई जिना उतरतेय. जिना पिस्ता रंगाचा. दुसरा हात मारायचा राहिलाय."

"अहो, जिना असू द्या. ती रडतेय का?"

"थांब, वळू दे तिला. वरच्या कोपऱ्यात ओल आलीय बघ."

"आपल्याकडे?"

"तिच्याकडे."

आजी पदर तोंडाला लावून हसत सुटे. बाई रडत होती की नाही ते शेवटपर्यंत कळत नसे, आणि बाकीच्यांना त्या दोघांच्या कुजबुजीपायी पडद्यावरचं एक वाक्य धड ऐकू येत नसे. आई कधीमधी उसासा टाकायची. बाबांच्या मनानं मात्र एकच गोष्ट घेतली होती: आपल्या आईला पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. पडदा मोठा असेल तर येईलही.

दुपारी सगळे दुकानात गेले. आई तेवढी कपाट रिकामं करायला मागे राहिली. एका लांब भिंतीवर टीव्हीच टीव्ही होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता. बाबांनी विक्रेत्याला भंडावून सोडलं. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकेल का, कडेनं बघितलं तर रंग फिके पडतात का, आवाज पलंगापर्यंत नीट पोचेल का. विक्रेता हसतमुख होता, त्यानं हार मानली नाही. शेवटी दोन टीव्ही उरले, एक मध्यम आणि एक पुठ्ठ्याएवढा.

बाबांनी जाहीर केलं, "निवड मुंगी करणार. मेहनत तिची आहे."

मोठा टीव्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत लावलेला होता. मुंगीनं सोफ्यावर मधोमध उडी मारली. एका बाजूला आजी बसली, दुसऱ्या बाजूला आजोबा. बाबा स्पीकरच्या तारा कुठून कशा जातात ते बघायला भिंतीपाशी वाकले. विक्रेत्यानं रिमोट दाबला आणि टेकड्यांमधून एक घोडेस्वार धावत आला. टापांचा आवाज पाठीमागून, डोक्यावरून, पोटातून आल्यासारखा वाटला. मुंगीला तर फार म्हणजे फार आवडलं.

आजोबा मुंगीच्या डोक्यावरून आजीकडे झुकले आणि काहीतरी सांगू लागले. त्यांचे ओठ हलले, शब्द टापांखाली गेले. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला.

"अण्णा, आता तुमची सुटका," बाबा तारांमधून मान वर काढत आजोबांना प्रेमानं म्हणाले. "आईला दिसेल सगळं. तुम्ही निवांत बघा."

आजोबांनी मान डोलावली. मागे टेकले, हात मांडीवर ठेवले, आणि पहिल्या दिवशी शाळेत बसलेल्या मुलासारखे गप्प समोर बघत राहिले.

"आई, दिसतंय ना गं?"

"हो रे. केवढं मोठं आहे."

"घोडा दिसतो?"

"दिसतो की. किती छान पळतोय."

बाबांचं तोंड फुललं. ते पुन्हा तारांकडे वळले.

मुंगीनं पडद्याकडे बघितलं. घोडा केव्हाच गेला होता. आता तिथे नदी होती आणि एक होडी संथ चालली होती. टापा तेवढ्या मागच्या स्पीकरमधून लांब लांब जात होत्या.

तिनं आजीकडे बघितलं. टीव्ही बघताना आजी मान जराशी तिरकी करते, हे मुंगीला ठाऊक होतं. पण आज ती मान नेहमीपेक्षा बरीच जास्त वळली होती. पडदा सोडून, मुंगीच्या डोक्यावरून पार पलीकडे, आजोबा बसले होते तिथे. आजीची बोटं सोफ्याच्या पाठीवरून त्यांच्या बाहीपर्यंत पोचायला बघत होती. मध्ये मुंगी होती, म्हणून ती पोचत नव्हती.

"काय मग, मुंगाबाई?" बाबांनी हात झटकत विचारलं. "हाच ना?"

मुंगीला खरं तर हाच हवा होता. ती क्षणभर होडीकडे बघत राहिली. मग उठली, विक्रेत्याच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज कमी करत गेली. नदीचं पाणी आधी खोलीभर होतं, ते पडद्यापुरतं उरलं, आणि मग बाहेरच्या पंख्याची घरघर त्याहून मोठी वाटू लागली.

"अगं, आवाज ऐकण्यासारखाच तर आहे," बाबा म्हणाले. "वाढव बघू."

"आजोबा, आजीकडे सरका," मुंगी म्हणाली.

आजोबा सरकले. मुंगी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, रिमोट गादीवर ठेवला, आणि कुणी मागायच्या आत त्याच्यावर मांडी घालून बसली.