एक पाऊल मागे, उजवीकडे

बहिऱ्या माणसाच्या शेजारी बसून प्रवासात डोळे मिटता येत नाहीत. मिटले की त्याचं बोलणं मध्येच तोडल्यासारखं होतं. आई खिडकीशी बसली होती आणि तिला आज बोलायचं होतं. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या शर्टाचा खांदा कसा उतरलाय, कंडक्टरच्या खिशाची शिवण कशी उसवलीय, सगळं मला हातांनी सांगून झालं. जन्मभर शिवणकाम केल्यामुळे तिला जगात माणसं कमी आणि टाके जास्त दिसतात. मी मान डोलावत होते आणि मनातल्या मनात भाषण घोकत होते. पहाटे उठून निघालेलो, बसचे धक्के खाऊन कंबरेचा पार भुगा झाला होता, आणि अजून निम्मा रस्ता बाकी होता.

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. समोरचा तोंडानं बोलतो ते मी हातांनी सांगते, दुसरा हातांनी सांगतो ते मी तोंडानं बोलते. कोर्टात, शाळेत, सगळ्यात जास्त दवाखान्यात. आजवर दुसऱ्यांचीच वाक्यं बोलून मी पोट भरलं. त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही, एवढंच आमचं शास्त्र.

आता या वयात पहिल्यांदा मला माझं स्वतःचं बोलायचं होतं, तेही भरल्या सभागृहात. पुढच्या आठवड्यात गावोगावच्या दवाखान्यांचे प्रमुख एकत्र जमणार होते. प्रत्येक दवाखान्यात पगारी दुभाषी ठेवावा, बहिऱ्या रुग्णाच्या लेकराला त्या कामाला जुंपू नये, असा ठराव त्यांच्यासमोर येणार होता. ठरावाच्या आधी मी बोलायचं, असं आयोजकांनी ठरवलं. का, तर मी स्वतः तसलं जुंपलेलं लेकरू होते.

समारंभ ज्या शहरात होता तिथं तालमीसाठी माझी ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी एकटी आले होते आणि सगळं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं होतं. या वेळी आई हट्टानं बरोबर आली. समारंभात तिला पहिल्या रांगेत बसवणार होते आणि मी बोलेन ते तिला सांगायला एक वेगळी दुभाषी ठरली होती. आईनं तोवर माझं भाषण वाचलं नव्हतं. तिला लिहिलेलं फारसं वाचता येत नाही, आणि मी तिला हातांनी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी?

कारण भाषणात एक जागा होती. मी आठ वर्षांची असताना बाबा दवाखान्यात होते. बाबांना ऐकू यायचं, बाहेरचं सगळं बोलणं तेच बघायचे. ते बंद दाराआड पडलेले, त्यामुळे बाहेर बाकावर आईचं तोंड म्हणजे मी. डॉक्टर आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, तुझ्या आईला सांग, आम्ही खूप प्रयत्न केले. पुढचंही सांगितलं. मी ते सगळं हातांनी आईला सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं खूण केली, ‘पुन्हा सांग.’ मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून.

ते ‘पुन्हा सांग’ मला आजपर्यंत पचलेलं नाही. आईला मी त्याबद्दल कधी चकार शब्दानं विचारलं नाही. ठराव पुढे सरकायचा तर ती जागा भाषणात हवीच होती, बाकी सगळं आकडे आणि उपदेश. पण ती आईच्या डोळ्यांसमोर म्हणायची म्हणजे तिला भर सभेत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं.

दुपारी सभागृहात पोचलो. आईनं पाच मिनिटांत सगळ्यांची नावं ठेवली. बहिऱ्या माणसांत नाव म्हणजे दिसण्यातली एखादी खूण, त्यात कुणाचा मुलाहिजा नसतो. तालीम घेणारे गृहस्थ भर उन्हाळ्यात गळ्याभोवती मफलर गुंडाळून होते, ते मफलर. दुसरी दुभाषी हसली की गालावर खळी पडायची, ती खळी. माझं नाव तर आईनं लहानपणीच ठेवलंय, दोन भुवयांच्या मधे बोट टेकायचं. आठी.

स्टेजच्या मधोमध पांढऱ्या पट्टीची फुली चिकटवली होती. मफलर म्हणाले, ताई, इथं उभं राहायचं, दिवा इथंच पडणार आहे. मी उभी राहिले, नमस्कार केला, बोलायला लागले. थोड्या वेळानं मफलरांनी थांबवलं. मी फुलीवर नव्हतेच. एक पाऊल मागे आणि उजवीकडे सरकले होते, आणि मधे दिव्याचा उजेड रिकाम्या फळ्यांवर पडला होता.

दुभाष्याची जागा तीच असते. बोलणाऱ्याच्या एक पाऊल मागे, उजवीकडे. फुलीवर जो उभा असतो तो महत्त्वाचा, आपण नाही. आयुष्यभर पायांना हेच वळण लावलंय, आता ते माझं ऐकेनात. मफलरांनी मला पुन्हा फुलीवर आणलं, मी पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा दिवेवाल्यानं वरून विचारलं की नक्की बोलणार कोण आहे. सगळे हसले. मला हसू आलं नाही, माझे पाय मोडून आले होते.

आणि ती जागा आली तेव्हा मी ती गिळली. ‘बाबा आजारी होते’ वरून थेट ‘म्हणून माझी आपल्याला विनंती आहे’ वर उडी मारली. समोर पहिल्या रांगेत आई बसली होती, तिच्यापुढे खळी हात चालवत होती. खळीचे हात क्षणभर हवेत अडकले, मग सावरले. मफलरांनी विचारलं, मधला भाग कुठे गेला? घसा बसलाय, उद्या म्हणते, असं मी सांगितलं.

लॉजच्या खोलीत दोन खाटा, एक खुर्ची आणि भिंतीवर एक मोठा दिवा. मी खाटेवर अंग टाकलं तेव्हा बाहेर नुकतं अंधारायला लागलं होतं. आई समोर उभी राहून बोलत होती. पडल्या पडल्या बघत राहायचं म्हणजे मान वाकडी करावी लागते. भाषण एवढंसंच आहे होय, एवढ्यासाठी का एवढ्या लांब बोलावलं, असं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, तू उद्या खोलीवरच थांब, आराम कर, दमली असशील. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं.

“मी नाही दमले. तू दमलीस,” ती म्हणाली. “कधीपासून दमलीस ते सांग.”

मी म्हटलं, सकाळपासून. ती म्हणाली, खोटं. मग मीही तडकले आणि हात फेकून जे तोंडाला, म्हणजे बोटांना, येईल ते बोलले. बस, लॉज, तिचा हट्ट, सगळ्याचा पाढा वाचला. खऱ्या गोष्टीचं मात्र नाव घेतलं नाही. आईनं शांतपणे सगळं बघून घेतलं आणि जाऊन दिव्याचं बटण बंद केलं. आमच्या घरात बटण ज्याच्या हाताशी, शेवटचा शब्द त्याचा. अंधारात मी एकटीच हात हलवत राहिले.

सकाळी मी चहा आणायला खाली गेले. तिथं ही गर्दी. परत येऊन बघते तर खळी आईच्या खाटेवर बसलेली आणि दोघींचे हात चाललेले. मला बरंच वाटलं. नव्या मुलींना मीच शिकवते, ज्याच्यासाठी बोलायचं त्याला आधी भेटा, त्याच्या घरातल्या खुणा विचारून घ्या. प्रत्येक घरात ‘बाबा’ची खूण वेगळी असते. आमच्याकडे ती मनगटावरचं घड्याळ बघण्याची आहे, कारण बाबा सारखे घड्याळ बघायचे. ते खळीला कुठून माहीत असणार? पोरगी कामाची आहे, असं मनात म्हणत मी तिलाही अर्धा कप चहा दिला. तिनं तो घेतला, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही.

त्या दिवशीची तालीम सुरू झाली. मी फुलीवर. सुरुवातीचे आभार, मग आकडे, मग बाबा आजारी पडले. माझे पाय पुन्हा सरकलेले मला कळले, पण आता मफलरांनीही हात टेकले होते. ती जागा जवळ आली. मी श्वास घेतला आणि कालच्यासारखीच उडी मारली. “म्हणून माझी आपल्याला विनंती आहे...”

समोर आई उठून उभी राहिली होती. ती खळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग बाजूच्या पायऱ्या चढून गुडघ्यावर हात ठेवत ती वर आली. मफलर मागून काहीतरी म्हणाले. आईला ते ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.

“डॉक्टरचं गाळलंस,” ती म्हणाली.

तुला कसं माहीत, मी विचारलं. तिनं खाली खळीकडे बोट केलं. खळीचा चेहरा रडवेला झाला होता. तिच्याकडे माझंच पाठवलेलं अख्खं भाषण होतं, आणि माझाच नियम पाळून ती सकाळी ते घेऊन आईकडे गेली होती. ओळीन् ओळ हातांनी दाखवून खुणा विचारायला. मी खाली चहाच्या गर्दीत उभी असताना आईनं सगळं बघून घेतलं होतं. तिच्यावर कशाला चिडू? तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

“मला पहिल्यांदाच कळलं होतं,” आई म्हणाली. “तू हात उचलायच्या आधीच. डॉक्टरचं तोंड समोर होतं ना.”

“मग पुन्हा का सांगायला लावलंस?”

इतक्या वर्षांनी मी ते विचारलं, आणि माझे हात एवढे जोरात आपटले की त्यांचा आवाज झाला. आईनं आपली बोटं एकमेकांवर घासली. सुईनं टोचून टोचून ती बोटं खरबरीत झाली आहेत.

“तुझे हात चालले होते तोवर मला बघायला काहीतरी होतं,” ती म्हणाली. “ते थांबले असते तर मला त्या दाराकडे बघावं लागलं असतं.”

मला तिचा राग आला. खरंच आला. त्या बाकावर बसलेली पोर माझ्यात अजून होती आणि तिला हे कारण पुरेसं वाटत नव्हतं. आणि त्याच वेळी आईची दयाही आली. मी म्हटलं, मी आठ वर्षांची होते गं.

“हो. म्हणून तर सांग,” ती म्हणाली. “त्या दवाखानेवाल्यांना सांग. मी समोर बसलेय म्हणून गाळू नकोस. मला काय, मी बहिरी आहे.”

मला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून पाणीही आलं. आईनं माझा दंड धरला, ब्लाउजची बाही सरळ केली, खांदा ओढून नीट बसवला आणि मला फुलीवर नेऊन उभं केलं. मला वाटलं आता ती खाली जाईल. ती गेली नाही. ती एक पाऊल मागे सरली, उजवीकडे झाली आणि तिथंच हात बांधून उभी राहिली. खळीला तिनं खूण केली, तशी खळी वळून स्टेजकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे आईला तिथून तिचे हात दिसावेत. माझे पाय सवयीनं सरकायला गेले आणि आईच्या कोपराला अडले. तिनं मला परत पुढे ढकललं.

मफलरांनी माईकवरून विचारलं, “ताई, आई तिथं कोण म्हणून उभ्या आहेत? कार्यक्रमाच्या दिवशीही त्या तिथंच उभ्या राहणार का?”

मी वळून प्रश्न आईला सांगितला, जसाच्या तसा. तिनं उत्तर दिलं. बहिऱ्या माणसाचं उत्तर आम्ही त्याच्याच तोंडचं, ‘मी’ म्हणूनच बोलतो, त्यात आपलं काही घालत नाही, म्हणून मी अंधाऱ्या खुर्च्यांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, “हो, इथंच राहणार. मी हिची दुभाषी आहे.”

कुणी हसलं नाही. वरून दिव्याचा उजेड फुलीवर पडला, आणि या वेळी फुलीवर मी होते. मी बाबा आजारी पडले तिथून पुन्हा सुरुवात केली.